उभ्या गाडीचं तेल

पुण्यात चारचाकी दोन कारणांसाठी घेतात: पाऊस आणि पाहुणे. पैकी पावसात रस्त्यावर इतकं पाणी असतं की गाडी बाहेर काढायची छाती होत नाही, आणि पाहुणे हल्ली स्टेशनावरून मोबाइलवर टॅक्सी मागवून आपले आपण येतात. राहता राहिली गाडी. ती राहते, खाली पार्किंगमध्ये, कव्हर पांघरून, वर्षाचे बारा महिने.

"मग अधूनमधून काढत जा की," असं सांगणारे लोक बहुधा बंगल्यात राहतात. सोसायटीत गाडी काढणं हा एक कार्यक्रम असतो. आधी गाडीच्या तोंडाशी लावलेल्या स्कूटर कोणाकोणाच्या, याचा तपास. मालक सापडतो, पण तो नेमका अंघोळीला गेलेला असतो. मग कव्हर. कव्हरवर झोपलेली मांजर अशा नजरेनं बघते, की त्या जागेचा सातबारा तिच्याच नावावर असावा. तिला उठवून कव्हर ओढलं की साचलेली सगळी धूळ आपल्या इस्त्रीच्या शर्टावर. मग खांब आणि आरसा यांच्यामधल्या चार बोटं जागेतून गाडी मागे घ्यायची. त्या वेळी वॉचमन मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत असतो, आणि ठोकल्यावर "बास" म्हणतो. एवढं करून तुळशीबागेत जावं, तर गाडी लावायला जागा मिळते ती तुळशीबागेपासून इतकी लांब, की तिथून पुढे रिक्षा करावी लागते. परत येईपर्यंत आपल्या जागेवर पाण्याचा टँकर उभा.

त्यामुळे आमच्या गाडीचं वर्षाचं रनिंग हजार-बाराशे किलोमीटरच्या पुढे जात नाही. यात लाज वाटण्यासारखं काही आहे, असं आमच्या पार्किंगमध्ये कोणालाच वाटत नाही. उलट कमी रनिंग हा आमच्याकडे सद्गुण समजला जातो. गाडी घेऊन पाच-सहा वर्षं झाली तरी सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक शाबूत असलेले लोक आमच्यात आहेत. उन्हाळ्यात पाठ त्या प्लास्टिकला चिकटते, पण सीट नवी राहते. पाठ काय, ती आपलीच आहे. वापरलं नाही म्हणजे वाचलं, या एका तत्त्वावर आमची पिढी उभी आहे. आणि आमच्या गाड्याही.

या तत्त्वाला पहिला सुरुंग लागतो तो इंजिनच्या तेलापाशी.

गाडीबरोबर कंपनी एक पुस्तिका देते. ती डॅशबोर्डच्या कप्प्यात, विम्याचे कागद आणि कुठल्याशा लग्नातल्या अक्षतांची पुडी यांच्याखाली सापडते. तिच्यात लिहिलेलं असतं: इंजिन ऑइल दर १०,००० किलोमीटरला किंवा दर १२ महिन्यांनी बदलावं, यापैकी जे आधी येईल ते. आता हे वाक्य सरळ आहे. पण आमच्याकडे ते अर्धंच वाचण्याची पद्धत आहे. दहा हजार किलोमीटर म्हणजे आमच्या वेगानं आठ-नऊ वर्षं. तोवर तेलाकडे बघायचं कारण नाही, असा त्याचा अर्थ पार्किंगमध्ये लावला जातो, आणि "बारा महिने" हे शब्द कंपनीच्या धंद्यासाठी आहेत असं मानलं जातं.

हा अर्थ लावणाऱ्यांचे प्रमुख म्हणजे पहिल्या मजल्यावरचे आप्पा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यामुळे कुठलीही गोष्ट न बदलता किती वर्षं चालते, याचा त्यांना गाढा अनुभव आहे.

"मला एक सांगा," आप्पा म्हणाले, "हे तेल येतं कुठून? जमिनीखालून. तिथं किती वर्षं पडून होतं? कोट्यवधी. कोट्यवधी वर्षांत जे नासलं नाही, ते तुमच्या गाडीत बारा महिन्यांत कसं नासेल? तुमची गाडी काय इतकी वाईट आहे?"

पार्किंगमध्ये जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. प्रश्न बिनतोड होता. मी तो वर घरी घेऊन गेलो, कारण आमच्या घरात रसायनशास्त्र आहे. हिनं ज्युनिअर कॉलेजात ते तीसेक वर्षं शिकवलं, आणि अजूनही कोणी शंका घेऊन आलं की तिच्या हाताला आपोआप खडू शोधायची सवय आहे.

"आप्पांना म्हणावं, जमिनीखाली हवा नव्हती," ती म्हणाली. "आणि कोट्यवधी वर्षं होतं ते कच्चं तेल. गाडीत घालतात ते नुसतं तेल नसतं. त्यात दहा-वीस टक्क्यांपर्यंत बाहेरून घातलेली रसायनं असतात. काही घाण धरून ठेवणारी, काही झीज थांबवणारी, काही आम्लं मारणारी. आधी संपतात ती ही रसायनं. सीलबंद डब्यात तेच तेल चार-पाच वर्षं सहज राहील. एकदा इंजिनात ओतलं की हवा लागली, उष्णता लागली, पाणी लागलं."

"पाणी कुठून आलं? मी गाडी पावसात काढतच नाही."

"पेट्रोल जळलं की पाणी होतंच, अहो. त्यातला हायड्रोजन जातो कुठे? एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं."

"एक लिटरला एक लिटर? मग गुरुवारी पाणी बंद असतं तेव्हा हे आधी सांगायचं!"

"वाफ असते ती. बहुतेक सायलेन्सरमधून बाहेर जाते. सकाळी गाडी चालू केल्यावर सायलेन्सरच्या टोकाशी थेंब टपकतात ना, ते हेच. पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली तेलात उतरते. थोडं न जळलेलं पेट्रोलही उतरतं. इंजिन चांगलं तापलं, अर्धा तास चाललं, की दोन्ही उडून जातात. तुम्ही जाता मंडईपर्यंत. तेल कोमट व्हायच्या आत तुम्ही गाडी बंद करून मेथीची जुडी निवडायला लागता. पाणी आणि पेट्रोल तिथंच राहतं. पुढच्या खेपेला त्यात आणखी भर. मग आम्लं तयार होतात. ती मारायला जी रसायनं घातलेली असतात, ती त्यातच खर्ची पडतात."

म्हणजे भाजी आणायला जाण्यानं गाडी झिजते, आणि साताऱ्याला जाण्यानं सुधारते. हे ऐकून मला आनंद झाला. दोन किलोमीटरसाठी गाडी काढू नये असं मी कधीपासून म्हणत होतो. फक्त माझं कारण पार्किंगचं होतं, हिचं रासायनिक निघालं.

पण खरा धक्का पुढेच होता. हिनं चष्मा लावून ती पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचली. कंपन्यांच्या पुस्तिकेची शेवटची पानं लिहिणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणी वाचल्याचं ऐकिवात नाही. तिथं बारीक अक्षरात खडतर वापराची यादी असते. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत ती सापडते. टॅक्सी म्हणून चालवणं, धुळीचे रस्ते, सतत घाट, ट्रेलर ओढणं, सिग्नलला तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभं राहणं. आणि याच यादीत, याच पंगतीत: वारंवार सात-आठ किलोमीटरच्या आतल्या फेऱ्या. अशा वापराला तेल बदलण्याची मुदत साधारण निम्मी, म्हणजे ५,००० किलोमीटर किंवा ६ महिने.

मांजरीखाली झोपलेली आमची गाडी खडतर वापरात मोडते! रोज मुंबई-पुणे करणारा टॅक्सीवाला आणि आठवड्यातून एकदा मंडईत जाणारा मी एकाच रकान्यात. किंबहुना त्याचं तेल माझ्यापेक्षा सुखी. ते रोज खंडाळ्यात छान तापतं, कोरडं होतं. मी ही बातमी खाली सांगितली तेव्हा आप्पांनी पुस्तिका हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "मराठीत नाहीये. मराठीत असती तर असं लिहिलं नसतं."

आमच्या बी विंगमध्ये एक काका आहेत. त्यांचा या सगळ्यावर स्वतःचा तोडगा आहे. ते रोज सकाळी सातला खाली येतात, गाडीत बसतात, इंजिन चालू करतात आणि पाच मिनिटं पेपर वाचतात. मग इंजिन बंद करून, पेपरची घडी काखेत मारून वर जातात. "गाडी हलवायची गरज नाही," असं ते सांगतात. "रोज गरम केली की झालं." त्यांच्या या नेमामुळे पहिल्या मजल्यावरच्या लोकांना धुराचा वास येतो आणि काकांना आपण गाडीसाठी काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. मिळत नाही ते फक्त गाडीला. पाच मिनिटांत पाणी तयार होतं, पण ते उडण्याइतकं तेल तापत नाही. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, त्यातलं थोडं तेलात उतरतं. शिवाय स्टार्टर मारताना बॅटरी जेवढी खर्च होते, तेवढी उभ्या गाडीच्या त्या पाच मिनिटांत भरून निघेलच असं नाही. म्हणजे काका रोज सकाळी न चुकता, वक्तशीरपणे, गाडीचं थोडं थोडं नुकसान करतात. आळशी माणूस गाडीला महिन्यातून एकदा त्रास देतो. काकांचा नेम रोजचा आहे. हे त्यांना सांगायचं कोणी, यावर सोसायटीच्या वार्षिक सभेत विषय घ्यावा असं ठरलं. पण ती सभा नेहमीप्रमाणे गळतीवरच संपली.

घरच्या रसायनशास्त्रावर विसंबू नये म्हणून मी माझ्या भाच्याला विचारलं. तो अमेरिकेत डेट्रॉइटजवळ राहतो, म्हणजे गाड्यांच्या पंढरीतच. तिकडे एका पिढीला दर ३,००० मैलांना, म्हणजे ४,८०० किलोमीटरच्या आसपास, तेल बदलायचं असं पाठच झालेलं होतं. आता चांगली सिंथेटिक तेलं आल्यापासून तो आकडा दुप्पट-तिप्पट झालाय. "पण वर्षातून एकदा बदलायचंच, मामा," तो म्हणाला. "इकडे कितीतरी गाड्यांत तेलाचं आयुष्य मोजणारी यंत्रणा असते. किती तापलं, किती फेऱ्या झाल्या, सगळं बघून टक्के दाखवते. तरीसुद्धा कंपनी म्हणतेच, टक्के शिल्लक असले तरी वर्षातून एकदा बदला."

"आणि समजा मी गाडी क्वचितच काढली, पण काढली की थेट कोल्हापूरपर्यंत नेली तर?"

"मग कदाचित तुझं तेल वर्षानंतरही उत्तम असेल. खात्री करायची तर लॅबला पाठव. इथं लोक बाटलीत नमुना भरून पोस्टानं पाठवतात. रिपोर्ट येतो: लोखंड किती, तांबं किती, पाणी किती, पेट्रोल किती, आम्ल मारायची ताकद किती उरलीय."

कल्पना मला आवडली. पण छोट्या गाडीत तेल मावतं तीन-साडेतीन लिटर. ते वाईट झालंय का, हे बघायला जो खर्च यायचा, त्यात थोडी भर घातली की ते बदलूनच होतं. शास्त्राचा आदर करावा, पण तो ज्याचे बॅरल कारखान्यात पडलेले आहेत त्यानं.

वॉरंटी होती तोवर आम्ही गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेत होतो, आणि वॉरंटी असेपर्यंत न्यावीच. वर्षाचा शिक्का चुकला तर उद्या इंजिनाचं काही झाल्यावर कंपनी आधी शिक्के मोजते. तिथला टॅबलेटधारी मुलगा पहिल्यांदा विचारायचा, "सर, रनिंग किती?" मी आकडा सांगितला की तो एकदा टॅबलेटकडे आणि एकदा माझ्याकडे बघायचा. त्याच्या आवाजात मग एक प्रकारची हळहळ यायची. "सर, गाडी उभी असते म्हणून तुम्हाला इंजिन फ्लश लागेल. इंजेक्टर क्लीनिंग लागेल. एसीचं निर्जंतुकीकरण लागेल." जास्त चालवणाऱ्यांना तो काय सांगतो, ते मी एकदा शेजारच्या टेबलावर कान देऊन ऐकलं. "सर, गाडी खूप चालते म्हणून तुम्हाला इंजिन फ्लश लागेल."

वॉरंटी संपल्यावर आम्ही सातारा रस्त्यावरच्या मिस्त्रींकडे जायला लागलो. मिस्त्री मोजकं बोलतात आणि टॅबलेट वापरत नाहीत. त्यांचं सगळं काम उजव्या हाताच्या दोन बोटांवर चालतं. गेल्या दसऱ्याच्या आधी गाडी नेली तेव्हा आप्पाही बरोबर आले. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. "स्वारगेटला काम आहे," असं ते म्हणाले. स्वारगेट मागे गेलं तरी उतरले नाहीत.

मिस्त्रींनी बॉनेट उघडून तेलाची पट्टी ओढली, बनियनच्या चिंधीनं पुसली, पुन्हा आत घालून बाहेर काढली. पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये तेल होतं. रंग गूळ फार न आटवता काढावा तसा, तपकिरी.

आप्पा विजयी मुद्रेनं पुढे झाले. "बघा! काळं कुठंय? स्वच्छ आहे."

"काळं असतं तर बरं होतं," मिस्त्री म्हणाले. "काळं होतं म्हणजे घाण धरतंय, काम करतंय. रोजच्या गाडीचं हजार किलोमीटरला काळं पडतं, तरी पुढं कितीतरी चालतं. रंगावर काही नसतंय, काका." मग त्यांनी एक थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळला, बोटं लांब केली, पुन्हा जवळ आणली आणि नाकाशी नेली. "वास घ्या." मी घेतला. तेलाला पेट्रोल पंपाचा वास होता. मग त्यांनी इंजिनवरचं तेल भरायचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून माझ्यापुढे धरलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, आट्यांच्या कडेकडेनं, पिवळसर पांढरा मऊ थर बसलेला होता. त्यांनी नखानं थोडा खरवडला, तर तो नखावर गोळा होऊन राहिला.

"हे पाणी," मिस्त्री म्हणाले. "तेलात घुसळलेलं. हेड गॅस्केट गेलं तरी येतं असं, पण तुमचं कूलंट बरोबर आहे. म्हणजे हे मंडईचं."

मंडईची ही बाजू मला नवीन होती.

"आता आधी एक राउंड मारून या," त्यांनी झाकण लावत सांगितलं. "थंड तेल निघत नाही नीट, गाळ खालीच बसतो. कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत जाऊन या."

काढून टाकायच्या तेलाला आधी घाट दाखवून आणायचा, हे आप्पांना पटलं नाही, पण फुकट फेरी म्हटल्यावर ते आले. परत आल्यावर मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरून चेंबरचा नट सोडला आणि तेलाची धार लागली. धार थांबून थेंब सुरू झाले, थेंबांमधलं अंतर वाढलं, तरी त्यांनी घाई केली नाही. नटाचा वॉशर नवा, फिल्टर नवा. नव्या फिल्टरच्या रबरावर बोटानं तेल फिरवून तो हातानंच आवळला. मग पुस्तिकेत जो ग्रेड लिहिलेला, तोच डबा फोडला. त्या ग्रेडमधला डब्ल्यू हिवाळ्याचा असतो हे भाच्यानं मला सांगून ठेवलं होतं, ते मी मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, "असेल."

मी विचारलं, "मिस्त्री, खरं सांगा. वर्षानं की सहा महिन्यांनी?"

त्यांनी हात पुसत जे सांगितलं, त्यात पुस्तिकेची पहिली आणि शेवटची दोन्ही पानं आली. गाडी आठ-पंधरा दिवसांतून एकदा हायवेला अर्धा-पाऊण तास चांगली तापवून आणत असाल, तर वर्षातून एकदा बास. किलोमीटर बघायचेच नाहीत. नुसतं मंडई आणि देऊळ करत असाल, तर सहा महिन्यांनी. आणि दोन-चार महिने गावाला जाणार असाल, तर जाण्याआधी बदला, आल्यावर नाही. जुनं आंबट तेल पोटात ठेवून गाडी उभी करायची नाही.

यातला पहिला मार्ग स्वस्त वाटतो, म्हणून मी घरी बसून हिशेब केला. पंधरवड्यातून एकदा खेड शिवापूरच्या दिशेनं टोलनाक्याच्या अलीकडून वळून यायचं. पेट्रोल शंभरावर गेलेलं, त्यामुळे जाऊन-येऊन अडीचशे रुपये तरी. पण गाडी तापवायला म्हणून निघालेला माणूस एकटा जात नाही. घरची येतात. घरची आली की मिसळ येते. वर्षाला तेल वाचवण्यासाठी खाल्लेल्या मिसळीत तेलच तीन-साडेतीन लिटर असावं, आणि ते बदलून मिळत नाही.

तेलाचं हे एकदा मान्य केलं की मग गाडीतली एकेक गोष्ट कॅलेंडरकडे बोट दाखवायला लागते. बॅटरी उभ्या गाडीतही उतरते, कारण घड्याळ, अलार्म आणि कॉम्प्युटर आपण झोपलो तरी जागे असतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. त्याचं रबर नक्षी शाबूत असतानाही कडक होतं, आणि एकाच जागी उभं राहून खालून चपटंही होतं. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून तेही दोन वर्षांनी बदलायचं. पावसाळ्यानंतर ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो. उंदरांना तर उभी गाडी म्हणजे तयार फ्लॅट. बॉनेटमध्ये तंबाखूची पानं आणि डांबरगोळ्या ठेवून आमच्याकडे त्यांना घराबाहेर काढण्याचे प्रयत्न चालू असतात. मांजर वर झोपते, उंदीर खाली राहतात, आणि दोघांचं एकमेकांशी काहीही वाकडं नाही.

सरकारही रनिंग विचारत नाही. वर्षाला विमा, वर्षाला पीयूसी. धूर काढण्याची संधीच न मिळालेली आमची गाडी दरवर्षी धूर तपासून घेते आणि पहिल्या वर्गात पास होते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. मग ती चंद्रावर जाऊन आली असो की चौकापर्यंत. मुंबईची शेवटची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षं रस्त्यावर घाम गाळून तिचा टॅक्सी म्हणून शेवटचा दिवस उजाडला २९ ऑक्टोबर २०२३ ला, कारण मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादाच वीस वर्षं. तिनं किती किलोमीटर केले, हे कोणी विचारलं नाही. जे आधी येईल ते, एवढाच नियम, आणि आधी येते ती नेहमी तारीख.

"मग विकून टाका की," असं सांगणारेही आहेत. त्यांचा हिशेब बरोबर असतो, हे त्यातलं दुःख. विमा, सर्व्हिस, पीयूसी, तीन-चार वर्षांतून एकदा बॅटरी, हे सगळं हजार किलोमीटरवर वाटलं तर किलोमीटरला पंधरा-वीस रुपये होतात, आणि पेट्रोल त्यावर. पुण्यात २०२२ साली ठरलेल्या दरानं रिक्षा पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये घेते. रिक्षा स्वस्त आहे, यात शंकाच नाही. फक्त ती येत नाही. आणि आमची गाडी जात नाही. म्हणून आम्ही बहुतेक वेळा पीएमपीच्या बसनं जातो.

तर दसऱ्याच्या आधीचा आठवडा, ही आमच्या तेलाची तारीख आता पक्की झाली आहे. पावसाळा संपलेला असतो, नवं तेल पडतं, आणि गाडीला झेंडूचा हार घालताना आपण तिच्यासाठी हारापलीकडेही काही केलं, असं मनाशी म्हणता येतं. मिस्त्रींनी काचेच्या कोपऱ्यात स्टिकर लावला. पुढची तारीख लिहिली आणि किलोमीटरच्या रकान्यात, मला न विचारता, रेघ मारली.

मी पैसे देत होतो तेवढ्यात आप्पांनी कापडी पिशवीतून रिकामी बाटली काढली आणि आमच्या जुन्या तेलाच्या ट्रेपाशी उकिडवे बसले.

"काका, ते बॅरलमध्ये जातंय," मिस्त्री म्हणाले. "घातक कचरा आहे तो. परवानावाले येऊन घेऊन जातात, शुद्ध करायला."

"घातक?" आप्पांचा स्वर दुखावला. "अहो, वर्षभर नुसतं बसून होतं बिचारं. हजार किलोमीटरसुद्धा चाललं नाही. जवळजवळ नवंच आहे. माझ्या स्कूटरला एक लिटर पुरे होतं."

"स्कूटर रोज चालवता का?"

"रोज?" आप्पा दचकून उभे राहिले. "छे! चालवून खराब कशाला करायची? नवीच आहे अजून. २०११ ची."